वेळ दिसावी, कारण दिसू नये : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

कार्यालयाच्या सामायिक कॅलेंडरमध्ये सहकाऱ्यांना आपल्या अपॉइंटमेंटची वेळ दिसावी, कारण दिसू नये, असे मी लेखात लिहिले, त्यावर आपण सविस्तर आणि स्पष्ट आक्षेप घेतलेत, याबद्दल मनापासून आभार. चाळीस जणांच्या कार्यालयात बैठकीची वेळ जुळवणे किती जिकिरीचे असते याचा मी विचारच केलेला नाही, कॅलेंडर सर्वांना खुले असल्यानेच काम चालते, ज्याला नोंद झाकायची त्याच्यासाठी तिच्यावर ‘प्रायव्हेट’ अशी खूण करण्याची सोय आहे, आणि त्याहून नाजूक असेल ते कार्यालयाच्या कॅलेंडरमध्ये लिहूच नये, असे आपले म्हणणे आहे.

आधी माझी चूक मान्य करते. ‘वरिष्ठांना कनिष्ठांचे कॅलेंडर दिसण्याचे काहीच कारण नाही’ हे माझे वाक्य चुकीचे होते. अधिकाऱ्याच्या वेळा सांभाळणाऱ्या स्वीय सहायकाला तर नोंदी उघडून बदलाव्याही लागतात, आणि बैठक ठरवणाऱ्याला समोरचा मोकळा आहे की नाही हे कळलेच पाहिजे. परंतु मोकळा आहे की नाही, एवढेच. तो कुठे जाणार आहे आणि कशासाठी, याचा बैठकीची वेळ ठरण्याशी संबंध नाही. ही विभागणी माझ्या मनची नाही. निरनिराळ्या कॅलेंडर प्रणालींनी एकमेकींना नोंदी कशा कळवाव्यात हे ठरवणारे आयकॅलेंडर हे प्रमाणक १९९८ साली प्रसिद्ध झाले, तेव्हापासूनच त्यात केवळ व्यग्र वेळा कळवण्यासाठी एक वेगळा घटक आहे आणि त्यात विषयाला किंवा ठिकाणाला जागाच ठेवलेली नाही. गूगल कॅलेंडर आणि मायक्रोसॉफ्टचे आऊटलूक या दोहोंतही फक्त ‘फ्री’ की ‘बिझी’ एवढेच दाखवण्याची पायरी उपलब्ध आहे.

‘लिहूच नये’ हा आपला सल्ला मला सर्वांत अधिक खटकला, कारण तो पाळला तर आपल्याच कार्यालयाची अडचण होते. नोंद नसली की वेळ मोकळी दिसते, त्या वेळेवर कोणीतरी बैठक ठेवते, आणि मग ती नाकारताना जे लिहायचे टाळले तेच तोंडाने सांगावे लागते. शिवाय नोंद नेहमी आपणच करतो असेही नाही. पूर्वी ज्या कार्यालयाच्या ईमेल आणि कॅलेंडरची व्यवस्था माझ्याकडे होती, तिथे एका सहकारी महिलेने वंध्यत्वावरील उपचारांसाठी नाव नोंदवताना कार्यालयाचा ईमेल पत्ता दिला होता. रुग्णालयाकडून निमंत्रण आले, कॅलेंडरने ते आपोआप नोंदवून घेतले, आणि पूर्ण तपशील सर्वांना खुला असल्याने रुग्णालयातल्या विभागाचे नावही त्या नोंदीसह सगळ्यांना दिसले. जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी चांगल्या मनानेच तिच्याकडे चौकशी केली. ती माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, “ताई, हे कोणाकोणाला दिसलं असेल?” माझ्याकडे “सगळ्यांना” याखेरीज उत्तर नव्हते. तिने काही लपवले नव्हते, कोणी मुद्दाम काही उघडेही केले नव्हते. कार्यालयात पहिल्या दिवशी ठरलेल्या एका सेटिंगने, कोणालाही न विचारता, तिच्या वतीने निर्णय घेऊन टाकला होता.

आता ‘प्रायव्हेट’च्या खुणेविषयी. आपण तिला कुलूप समजता. ती प्रत्यक्षात विनंती आहे. प्रमाणकानुसार नोंदीवर काहीच खूण नसेल तर ती ‘पब्लिक’ समजायची, आणि खूण असलीच तर तिचा मान कसा राखायचा हे बरेचसे त्या त्या प्रणालीच्या परवानग्यांवर अवलंबून असते. गूगल कॅलेंडरमध्ये ज्याला आपल्या नोंदी बदलण्याचा अधिकार दिला आहे, त्याला ‘प्रायव्हेट’ नोंदीचा तपशीलही दिसतो. आऊटलूकच्या बाबतीत तर मायक्रोसॉफ्टचीच सूचना आहे, की तपशील इतरांपासून राखण्यासाठी या खुणेवर विसंबू नये. ज्याने वाचू नये असे वाटते त्याला वाचण्याची परवानगीच देऊ नये. त्यातच, ज्या कार्यालयात सगळे उघडे असते तिथे एकच झाकलेली नोंद डोळ्यांत भरते, आणि खूण करणाऱ्याकडेच लक्ष वेधले जाते. सगळ्यांच्याच नोंदी नुसत्या ‘बिझी’ दिसल्या, तर दंतवैद्याकडे जाणारा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणारा यांत बाहेरून काही फरक उरत नाही.

सभागृहांच्या, म्हणजे बैठकीच्या खोल्या राखून ठेवण्याच्या, कॅलेंडरविषयी मी पूर्वी लिहिले नव्हते. ते इथे लिहिते, कारण गळती तिथून अधिक होते. एक्सचेंजमध्ये, म्हणजे आऊटलूकमागच्या मायक्रोसॉफ्टच्या ईमेल-कॅलेंडर सर्व्हरमध्ये, सभागृहासाठी आलेल्या निमंत्रणावरची ‘प्रायव्हेट’ खूण मूळ सेटिंगनुसार काढून टाकली जाते. त्याच वेळी विषय पुसून तिथे बोलावणाऱ्याचे नाव घातले जाते, म्हणून सहसा काही बिघडत नाही. पण ‘खोलीत कसली बैठक आहे ते दिसू द्या’ अशी मागणी येते, प्रणालीचा व्यवस्थापक विषय पुसणे बंद करतो, आणि खूण मात्र निघतच राहते. लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत समितीने तक्रारदार महिलेचे नाव विषयात लिहून खोली राखून ठेवली असेल, तर ते दाराशेजारच्या पडद्यावरही झळकू शकते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळासंबंधीच्या २०१३ च्या कायद्याचे कलम १६ तक्रारदार, प्रतिवादी आणि साक्षीदार यांची ओळख उघड करण्यास मनाई करते. हा प्रश्न केवळ माझ्या हळवेपणाचा नाही, तो इथे कायद्याचाही होतो.

आपला एक मुद्दा मात्र मला निरुत्तर करतो. दर गुरुवारी चार वाजता कोणी ‘बिझी’ दिसत असेल तर लोक तर्क करणारच, असे आपण लिहिलेत. ते खरे आहे, आणि कोणतेही सेटिंग तो तर्क थांबवू शकत नाही. तरीही तर्क आणि लिखित नोंद यांत मला मोठे अंतर वाटते: तर्काला नाही म्हणता येते, कॅलेंडरमधल्या रुग्णालयाच्या नावाला नाही म्हणता येत नाही.

वरिष्ठांविषयीचे ते वाक्य मी आज लेखातून काढले आहे आणि सभागृहांचा भाग जोडला आहे. आपल्या कार्यालयात सभागृहाच्या नोंदींचा विषय सर्वांना दिसत असेल, तर त्या खुणेचे सेटिंग एकदा तपासून घ्यावे, ही विनंती.