चीन थांबला तो यशवंतरावांच्या शपथविधीमुळे नव्हे

दर वर्षी १२ मार्चला आणि २५ नोव्हेंबरला, म्हणजे यशवंतराव चव्हाणांच्या जयंतीला आणि पुण्यतिथीला, एक मजकूर व्हॉट्सॲपवर हमखास फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच असतो. १९६२ मध्ये चीन चालून आला, नेहरूंनी यशवंतरावांना हाक मारली, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला आणि त्यांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेताच चीननं घाबरून माघार घेतली. पुढे जोडलेलं असतं की आपले जवान खचून मागे पळत होते, त्यांच्यात यशवंतरावांनी जान फुंकली; आणि १९६५ मध्ये त्यांनी एकट्याच्या हिमतीवर पाकिस्तानला धडा शिकवला.

पाठवणाऱ्यांचा आदर खरा आहे, तो माझ्याही मनात आहे. म्हणूनच हा मजकूर मला खटकतो. चार वर्षांचं चिकाटीचं काम त्यात एका दिवसाचा चमत्कार होऊन बसतं.

आधी तारखा पाहू. चीननं २० ऑक्टोबर १९६२ रोजी हल्ला केला. तेव्हाचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना आधी संरक्षण खात्यातून आणि मग ७ नोव्हेंबरला मंत्रिमंडळातूनच जावं लागलं. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ईशान्य सीमेवरची वालोंग, सेला, बोमदिला ही ठाणी एकामागून एक पडली. आसाममधलं तेजपूर रिकामं झालं, तिथल्या नोटा जाळून टाकल्या गेल्या. २० आणि २१ नोव्हेंबरच्या मधल्या रात्री चीननं एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. यशवंतरावांनी शपथ घेतली ती २१ तारखेला. म्हणजे शपथविधी झाला तेव्हा पेकिंगचा (आजचं बीजिंग) निर्णय होऊन गेलेला होता.

त्या निर्णयाची कारणंही समजण्यासारखी आहेत. बर्फ पडून खिंडी बंद व्हायची वेळ आली होती आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यापर्यंत उतरलेल्या सैन्याला तिबेटमधून रसद पुरवणं अवघड झालं असतं. अमेरिका आणि ब्रिटनची शस्त्रं भारतात यायला लागली होती. शिवाय लडाखमध्ये चीनला जे हवं होतं, ते अक्साई चिन त्याच्या हातात होतंच. ते त्यानं सोडलं नाही, आजही सोडलेलं नाही. ‘ड्रॅगन पळाला’ असं लिहिताना आपण गमावलेला तो प्रदेशच विसरून जातो, हे मला जास्त लागतं.

जवानांबद्दलचं वाक्य तर यशवंतरावांनीच खोडून काढलेलं आहे. पराभवाची कारणं शोधण्यासाठी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंह भगत यांची चौकशी नेमली गेली होती. तिच्या निष्कर्षांवर यशवंतरावांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत निवेदन केलं. प्रशिक्षण, साधनसामग्री, हुकमाची साखळी, जवानांची शारीरिक तयारी, अधिकाऱ्यांचा वकूब, सगळ्यावर ते बोलले. कनिष्ठ अधिकाऱ्यांची कामगिरी एकंदरीत ठीक होती, उणिवा ठळक दिसू लागल्या त्या ब्रिगेडच्या वरच्या पातळीवर, असा त्या निवेदनाचा रोख होता. सामान्य शिपायाच्या माथी पराभव मारायचा नाही, हे त्यांनी संसदेत उभं राहून पाळलं. १८ नोव्हेंबर १९६२ ला लडाखमधल्या रेझांग ला खिंडीत मेजर शैतानसिंह यांच्या हाताखाली १३ कुमाऊँ या पलटणीची सुमारे १२० जणांची तुकडी लढली. त्यातले शंभराहून अधिक जण जागीच पडले. पायदळाच्या हातात तेव्हा जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली होत्या. अशा जवानांत कुणी बाहेरून येऊन जान फुंकली असं म्हणणं हा त्यांचा अपमान आहे. यशवंतरावांच्या नावानं तो होऊ नये.

(तो चौकशी अहवाल त्यांनी प्रसिद्ध केला नाही. सीमेवरच्या सैन्याच्या मनोधैर्याचं कारण त्यांनी दिलं आणि १९६३ मध्ये मला ते पटण्यासारखं वाटतं. साठ वर्षांनंतरही तो बंदच ठेवावा याला मात्र मला आधार दिसत नाही.)

त्यांनी खरोखर काय केलं, ते त्या मजकुरात येतच नाही. लष्करप्रमुख थापर यांनी राजीनामा दिला होता, जनरल जयंतनाथ चौधुरी नुकतेच आले होते आणि मंत्रालय व सेनाधिकारी यांच्यात मेननकाळातला अविश्वास भरून राहिला होता. यशवंतरावांनी तिन्ही सेनाप्रमुख आणि संरक्षण सचिव यांना नेमानं समोरासमोर बसवायला सुरुवात केली. कोण कुणाचा माणूस, हा प्रश्न त्यांनी मागे टाकला. मग योजना आली. १९६४ ते १९६९ या पाच वर्षांसाठी संरक्षणाचा आराखडा प्रथमच आखला गेला: सव्वाआठ लाखांचं सैन्य, त्यात डोंगरी युद्धासाठी उभारलेल्या दहा डिव्हिजन, आणि हवाई दलाच्या ४५ स्क्वाड्रन. इछापूरच्या कारखान्यात बनलेल्या स्वयंभरणी (पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या) रायफली हळूहळू थ्री-नॉट-थ्रीची जागा घेऊ लागल्या.

आपल्याकडे त्याच्या खुणा अजून दिसतात. वरणगाव आणि भंडाऱ्याच्या आयुध निर्माणी १९६४ मधल्या. नाशिकजवळ ओझरचा मिग या रशियन लढाऊ विमानांचा कारखानाही त्याच काळातला. योगायोगाची गोष्ट अशी, की १९६३ मध्ये यशवंतराव लोकसभेत गेले ते नाशिकमधून, बिनविरोध.

विमानांसाठी तर त्यांना दारोदार जावं लागलं. मे १९६४ मध्ये ते अमेरिकेत असताना नेहरूंचं निधन झालं, दौरा अर्धा टाकून ते परतले. अमेरिकेनं एफ-१०४ ही लढाऊ विमानं दिली नाहीत. त्याच वर्षी ते मॉस्कोला गेले आणि मिगचा मार्ग पक्का झाला. एका महाशक्तीनं नाही म्हटल्यावर तक्रार करत न बसता दुसरीकडे वळणं आणि तरीही पहिलीशी संबंध न तोडणं, हे मला त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत मोलाचं वाटतं.

आता १९६५. ‘एकट्यानं’ हा शब्द इथं अजिबात बसत नाही. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री होते आणि ६ सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेनं जाण्याचा निर्णय त्यांच्या नेतृत्वाखाली झाला. यशवंतरावांचा ठळक क्षण त्याआधीचा आहे. १ सप्टेंबरला पाकिस्तानी रणगाडे जम्मू भागातल्या छांबमध्ये घुसले. त्या दुपारी उशिरा जनरल चौधुरी आणि हवाई दलप्रमुख अर्जनसिंह त्यांच्याकडे आले, हवाई दल वापरायची परवानगी हवी होती. १९६२ मध्ये लढाऊ विमानं एकदाही वापरली नव्हती. यशवंतरावांनी काही मिनिटांत होकार दिला आणि दिवस मावळायच्या आत पठाणकोटहून व्हॅम्पायर विमानं उडाली.

त्यातली चार त्या संध्याकाळी पडली. जुनाट विमानं होती ती, पाकिस्तानच्या सेबर विमानांपुढे टिकणारी नव्हतीच. ही गोष्ट लपवावी असं मला वाटत नाही. तीन वर्षांत सगळं उभं राहिलं नव्हतं, आणि ते माहीत असूनही होकार द्यायचा होता. चमत्काराच्या गोष्टीत या निर्णयाचा भार जाणवतच नाही.

राहता राहिला तो मजकुरात गृहीत धरलेला मुद्दा, की त्यांच्याआधी सगळा अंधार होता. मिगसाठी रशियाशी पहिला करार ऑगस्ट १९६२ मधला, मेनन मंत्री असतानाचा. साताऱ्याची सैनिक शाळा, देशातली पहिली, जून १९६१ मध्ये सुरू झाली तेव्हा दिल्लीत संरक्षणमंत्री मेनन होते आणि महाराष्ट्रात मुख्यमंत्री यशवंतराव. मेनन यांच्या चुका गंभीर होत्या, त्यांची किंमत देशानं मोजली. पण यशवंतरावांनी खातं हाती घेतल्यावर मेनन यांच्या कामातलं चांगलं फेकून दिलं नाही, ते पुढं नेलं. नोव्हेंबर १९६६ मध्ये ते गृहखात्यात गेले, तोवर ओझरचं काम मार्गी लागलं होतं.