डिशवॉशरच्या पोटातला रंकाळा

रविवारी तांबडा-पांढरा झाला की सोमवारी सकाळी आमच्या डिशवॉशरच्या तळाशी तांबूस पाण्याचं तळं. छोटा रंकाळाच म्हणा! यंदाची ही चौथी वेळ.

कारण काय, तर पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाच्या पंख्यात मटणाच्या हाडाची नखाएवढी कपची. गाळणी मी दर वेळी धुते हो! पण ती उचलताना जे निसटतं ते थेट खालच्या खड्ड्यात, तिथून पंपात. मग मोटर नुसती घूं घूं करते, पाणी ढिम्म हलत नाही.

आणि तो नॉन-रिटर्न व्हॉल्व! रबराची एवढीशी पडदी. पाणी जाताना उघडायचं, थांबलं की मिटायचं, एवढंच काम. तिच्यावर कटाचा चिकट थर बसला, खोबऱ्याचा चोथा अडकला की बाई अर्धवट उघड्याच. पाइपातलं घाण पाणी उलटं फिरून धुतलेल्या ताटांखाली.

बरं, साफ करावं तर पंप मशीनच्या पोटात. आडवं पाडा, तळाचा पत्रा खोला. काही मशीनमध्ये गाळणी काढली की पंपावरचं झाकण आतूनच निघतं. मग आमच्यात द्यायला काय धाड भरली होती?

मेकॅनिक म्हणतो, "वहिनी, खरकटं नीट काढून भांडी लावत जावा." अरे दादा, इथवर हातानंच करायचं तर मशीन काय पूजेला ठेवलंय?

सासूबाई काही बोलत नाहीत. नुसती तारेची घासणी पुढे सरकवतात.