निसर्ग दारात टांगताना

आश्विन लागला की आमच्या घरात निसर्गाची आठवण निघते. एरवी कुंडीत गांडूळ दिसले तरी घर डोक्यावर घेणारी आमची सौभाग्यवती घटस्थापनेच्या सुमारास जाहीर करते, की यंदा दसऱ्याला दारात आणि अंगणात प्लॅस्टिकचे एक पानही दिसता कामा नये. सगळी सजावट आंबा, झेंडू, आपटा आणि भाताच्या लोंब्या यांतूनच झाली पाहिजे. सासूबाई मान डोलावतात. निसर्ग फुकट मिळतो, यावर मायलेकींचे एकमत आहे आणि तो पिशवीत भरून आणण्याचे काम ओघानेच जावयाकडे येते.

पहिला मुक्काम गुलटेकडीचे मार्केट यार्ड. झेंडूइतके आपले वाटणारे फूल दुसरे नसेल. पण हा गृहस्थ मूळचा मेक्सिकोचा आहे, आणि तिकडे नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला, मृतांच्या सणात, याच फुलांनी थडगी सजवतात. आपल्याकडे येऊन त्याने दाराची चौकट, वाहनांची बॉनेटे आणि देवाचा गळा अशी भरभक्कम बढती मिळवली आहे. खंडेनवमीच्या सकाळी त्याचा तोरा काय वर्णावा! विक्रेता दर सांगतो तो आपल्याकडे न बघता, आणि तोलण्याआधी फुलांवर पाण्याचा हबका मारतो तो, त्याच्या मते, निव्वळ ताजेपणासाठी. भिजलेला झेंडू काट्यावर जड भरतो, हे मी त्याला सौम्य शब्दांत सुचवले, तेव्हा ‘काका, पाऊस काय मी पाडला का?’ असे उत्तर आले. त्याचेही खोटे नव्हते. हवामान खात्याच्या वेळापत्रकाप्रमाणे मोसमी पावसाने मुंबईतून साधारण ८ ऑक्टोबरला आणि आमच्याकडून त्याच सुमारास निघायचे असते. परंतु पाहुण्याने निरोप घेऊन पुन्हा उंबऱ्यातच गप्पा मारत उभे राहावे, तसे त्याचे वागणे असते, आणि फुलाच्या पोटात साठलेले ते पाणी रात्रीतून पाकळ्या काळ्या करते.

आपट्याची गोष्ट आणखी नाजूक आहे. कौत्साच्या गुरुदक्षिणेसाठी कुबेराने या झाडावर १४ कोटी सुवर्णमुद्रांचा वर्षाव केला म्हणतात. हल्ली त्या झाडाखाली उभे राहायचे तर आधी ते सापडायला हवे. बाजारात ‘सोने’ म्हणून ज्या जुड्या मिळतात, त्यांत पुष्कळदा कांचनाची पाने असतात. दोघांचीही पाने मधोमध दुभंगलेली. पण आपट्याचे पान लहान, जाडसर आणि खरखरीत, तर कांचनाचे मोठे आणि पातळ. हे ज्ञान मी जुडी हातात धरून मांडू लागलो, तेव्हा मागच्या बाई म्हणाल्या, ‘भाऊ, घ्यायचं तर घ्या, नाहीतर बाजूला व्हा.’ झाडे ओरबाडू नका, असे निसर्गप्रेमी दरवर्षी विनवतात ते मला मनापासून पटते, विशेषतः रांगेत उभा असताना.

आंब्याचा टाळा मात्र शेजारच्यांच्या झाडाचा, म्हणजे खरोखरच फुकट. पावसाळा संपताना आंब्याला तांबूस, लुसलुशीत पालवी फुटते. ती दिसायला देखणी, पण तोरणाला निरुपयोगी, कारण उन्हात तासाभरात माना टाकते. जून, हिरवीगार पाने हवीत, आणि ती नेमकी तांबड्या मुंग्यांनी आधीच एकमेकांना शिवून आपल्या घराच्या सजावटीला घेतलेली असतात. त्यांच्याकडे सुई-दोरा नसतो. अळ्यांच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने त्या पाने जोडतात. त्यांचे काम माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार असते, हे मी शिडीवरून, मान खाजवत, मान्य केले.

मग ओवणे. दाभणात सुतळी घालायची, झेंडूचा देठ खुडून त्या हिरव्या पेल्याच्या बरोबर मधून टोक घुसवायचे, आणि पाकळ्यांच्या गर्दीतून ते भलतीकडेच बाहेर आले की फूल फिरवून पुन्हा घुसवायचे. दोन फुलांमागे एक पान, त्याचा देठ दुमडून. हा क्रम सासूबाई सोफ्यावरून मोजतात. बोटे पिवळी होतात, नखांत तो उग्र वास बसतो आणि दुसऱ्या दिवशी श्रीखंड-पुरीलाही झेंडूची चव लागते.

भाताच्या लोंब्यांचे झुंबर व्हरांड्यात टांगले, तर चिमण्यांनी दुपारपर्यंत त्याचा निव्वळ पेंढा केला. सौभाग्यवतीला त्याचे कौतुक वाटले, कारण चिमण्याही नैसर्गिकच. अंगणात मात्र पेचप्रसंग उभा राहिला. सासूबाईंना सडा शेणाचाच हवा आणि अंगणात बिल्डरने बसवलेले सिमेंटचे ठोकळे. शेण त्यांत मुरत नाही. फटींत जाऊन बसते. वर गेरूचा पट्टा आणि रांगोळी काढली, ती फार सुरेख दिसली, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. फाटक उघडे होते. सोसायटीत हिंडणारी गाय आत आली, तिने रांगोळीवरून शांतपणे चालत येऊन तोरणाचा खालचा अर्धा भाग, आंब्याच्या पानांसकट, चवीने खाल्ला आणि जाताना सड्यासाठी ताजा माल ठेवून गेली. समोरच्यांचे प्लॅस्टिकचे तोरण तिने हुंगूनही पाहिले नाही. ते गेल्या गुढीपाडव्यापासून तिथेच आहे.

गाय जेवून गेली म्हणजे केवढे पुण्य, असे म्हणत सासूबाईंनी तिला पोळी दिली. आता दिवाळी तोंडावर आली आहे आणि पाडव्याला दारात शेणाचे पांडव घरीच घालायचे, असे मायलेकींनी ठरवले आहे. पाचही भावांना पुरेल इतके शेण कुठल्या गोठ्यात मिळेल, याची चौकशी मी आजपासून सुरू केली आहे. गाईनेही आमचे फाटक लक्षात ठेवलेले दिसते.