बॅकस्लॅश वाढवून रेगेक्स दुरुस्त होत नाही

"रेगेक्स चालत नाही? ही पाच सूत्रं सेव्ह करा" असा मेसेज नाशिकच्या इंजिनिअरिंगच्या ग्रुपांवर फिरतोय. रेगेक्स म्हणजे मजकुरात ठरावीक नमुना (पॅटर्न) शोधायची चिन्हांची भाषा, आणि बॅकस्लॅश म्हणजे \ हे चिन्ह. माझ्या भाचीने तो शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये जसाच्या तसा वापरला. मराठी पत्त्यांतून पंचवटी, सातपूर, सिडको असे भाग वेगळे काढायचे, एवढंच काम. ते अडलं आणि पोरगी स्वतःलाच बोल लावत बसली. म्हणून हे लिहितोय.

सूत्र पहिलं: "शंका आली की प्रत्येक अक्षराआधी बॅकस्लॅश टाका." हा शुद्ध मूर्खपणा आहे. टिंब, कंस, प्रश्नचिन्ह यांचा विशेष अर्थ बॅकस्लॅशने जातो, हे बरोबर. रोमन अक्षरांचं मात्र नेमकं उलटं होतं, त्यातल्या बऱ्याच अक्षरांना विशेष अर्थ चिकटतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत रोमन लिपीतल्या लहान अक्षरांतलं 'नाशिक' असं लिहून बघा. एन म्हणजे नवी ओळ, ए म्हणजे घंटीचा कोड, एस म्हणजे मोकळी जागा, आणि एचपाशी 3.6 आवृत्तीपासून सरळ एरर. शोधायला निघालात नाशिक, पण पॅटर्नमध्ये नाशिक उरलंच नाही! मजकूर जसाच्या तसा शोधायचा असेल तर पायथनच्या री या रेगेक्स मॉड्यूलमध्ये एस्केप नावाचं फंक्शन आहे, ते वापरा.

दुसरं: "तरी चाललं नाही तर बॅकस्लॅश दुप्पट करा." यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. जावा या भाषेत ते करावंच लागतं. पण का, हे मेसेजमध्ये कुठेच नाही. कोडमध्ये अवतरणात लिहिलेला मजकूर, म्हणजे स्ट्रिंग, आधी भाषा वाचते, आणि त्यातून जे उरतं ते रेगेक्स इंजिन, म्हणजे प्रत्यक्ष शोध घेणारा भाग, वाचतं. पायथनच्या अधिकृत रेगेक्स मार्गदर्शिकेत हे स्वच्छ लिहिलंय: एक खरा बॅकस्लॅश शोधायला साध्या स्ट्रिंगमध्ये चार लागतात, अवतरणाआधी आर लावलेल्या रॉ स्ट्रिंगमध्ये दोन पुरतात. रेगेक्समध्ये बॅकस्लॅश बी म्हणजे शब्दाची सीमा, पण साध्या स्ट्रिंगमध्ये तो बॅकस्पेस होतो. एरर येत नाही, नुसतं काही सापडत नाही. दुप्पट करण्याआधी स्ट्रिंग प्रिंट करून बघा.

तिसरं, "ऑनलाइन टेस्टरमध्ये चाललं की कोडमध्येही चालणार." तिथे पॅटर्न थेट इंजिनाकडे जातो, मधली स्ट्रिंगच नसते, म्हणून तिथे चाललेलं कोडमध्ये अडू शकतं. पुढे.

चौथं, "अवतरणचिन्हाआधी बॅकस्लॅश दिला की एसक्यूएल इंजेक्शन टळतं." इंजेक्शन म्हणजे वापरकर्त्याने भरलेल्या मजकुरातून डेटाबेसला नको ती आज्ञा घुसवणं. हे सूत्र धोकादायक आहे. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये 9.1 आवृत्तीपासून मूळ सेटिंगनुसार साध्या स्ट्रिंगमधला बॅकस्लॅश हे साधं चिन्ह आहे, त्यामुळे अवतरणचिन्ह स्ट्रिंग संपवतंच. म्हणून मजकूर क्वेरीत, म्हणजे डेटाबेसच्या आज्ञेत, जोडू नका; पॅरामीटर म्हणून वेगळा द्या.

पाचवं, "बॅकस्लॅश बी मराठीलाही चालतो." भाचीचं काम इथेच अडलं. पायथनचं री मॉड्यूल काना, मात्रा, वेलांटीला शब्दाचा भाग धरत नाही. म्हणून दोन्हीकडे बॅकस्लॅश बी लावला की 'सातपूर' सापडतं, कारण शेवटी र आहे. 'पंचवटी' आणि 'सिडको' पुढे स्पेस आली की सापडत नाहीत. तिथे शब्दाच्या मागेपुढे स्पेस, विरामचिन्ह किंवा ओळीचं टोक आहे का, हे पॅटर्नमध्ये स्वतः लिहा, नाहीतर रेगेक्स नावाचं वेगळं पॅकेज बसवा. आणि 'पंचवटीत', 'सातपूरला' अशी रूपंही हवी असतील तर शब्दाच्या शेवटची अट काढूनच टाका.