भावना ओल्या डब्यात की सुक्या?

मागच्या रविवारी सकाळी इंदूरच्या रामबागेजवळ पोह्याच्या ठेल्यावर उभा होतो. शेव पडली, जीरावन मसाला पडला, जिलबी तेवढी यायची होती. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "सर, तीन मार्क कशाचे?"

आधी हे तीन मार्क उरकतो. मी आठवीला विज्ञान शिकवतो, शनिवारचा वर्ग ऑनलाइन. वर्ग सुटला की मुलांनी आपापलं चिंतन लिहून पाठवायचं, असा वरून हुकूम. ग्रॅहम गिब्ज नावाच्या गृहस्थांनी १९८८ साली चिंतनाचं चक्र मांडलं: काय घडलं, काय वाटलं, त्यात बरंवाईट काय, असं का झालं, काय कळलं, पुढे काय करणार. आमच्याकडे येईपर्यंत त्या चक्राचे सहा रकाने झाले, दर रकान्याला किमान पंचवीस शब्द. मुलं बेचाळीस. एक्केचाळिसांना 'खूप छान वाटलं'. एकीचा माइक चालू राहिला होता, त्यात आई सांगत होती, "लिही, घर्षणाचं महत्त्व पटलं."

बेचाळिसाव्याने लिहिलं होतं: 'सरांचा आवाज तुटत होता. मी चार्जर आणायला गेलो. आलो तरी घर्षणच चालू होतं. मग मांजर आली. सर तिला हाकलायला उठले. वर शर्ट-टाय, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. मला हसू आलं.' बाकीचे रकाने कोरे. मी दहापैकी तीन दिले आणि शेरा मारला, 'चिंतनात खोली नाही.' पायजम्याचा राग नव्हता. म्हणजे, तेवढा नव्हता.

तर हे त्याचे आजोबा. जन्म बँकेत हिशेब तपासण्यात गेलेला, आणि निवृत्तीनंतर तपासायला काही उरलेलं नाही. कापडी पिशवीतून त्यांनी नातवाच्या चिंतनाची प्रिंट काढली. शेऱ्याखाली लाल रेघ होती.

"यात खोटं काय आहे?"

"खोटं नाही हो काका, पण चिंतन..."

"मांजर आली होती?"

"आली होती."

"पायजमा?"

ठेल्यावरची चार माणसं खायची थांबली. मी म्हटलं, "होता."

"म्हणजे बिल खरं. ते तुम्ही परत पाठवलं. आणि एका हातची एक्केचाळीस व्हाउचरं न बघता पास? आमच्याकडे असल्याला घरी बसवत." मग चष्मा कपाळावर सारून, "रकाने किती?"

"सहा."

"हां!" त्यांचा चेहरा उजळला. २०१७ साली शहर स्वच्छतेत पहिलं आलं, तेव्हापासून इंदूरकराच्या हातात काहीही द्या, तो आधी डबा शोधतो. ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, घातक आणि सॅनिटरी, सहा वाटण्या तोंडपाठ. आमच्याकडे पाहुण्याला चहाआधी डबे समजावून सांगतात. माझा पुण्याचा मेहुणा केळ्याचं साल हातात घेऊन घरभर फिरला होता. "गाडीलाही सहाच कप्पे," काका म्हणाले. "मग पोराचं हसू कुठल्या डब्यात टाकायचं? ओल्या?"

"गीले में ही जाएगा, भिया," पोहेवाला म्हणाला.

सगळे हसले. मीही हसलो, कारण पोहे अर्धेच झाले होते आणि पळता येत नव्हतं.

पण हसण्यावारी तरी किती न्यायचं? बेचाळीस गुणिले सहा, म्हणजे आठवड्याला दोनशे बावन्न रकाने. ते मी रात्री अकरानंतर वाचतो, स्वतःच्या रिचार्जवर. पोरांना लिहायला बारा मिनिटं. बारा मिनिटांत माणूस चिंतन करत नाही, रकाना भरतो. त्यात मार्क लावले की पोरगं मार्क देणाऱ्याला काय आवडेल तेच लिहिणार. हे मी बैठकीत बोललो, तर 'शिक्षकांनीही चिंतन लिहावं' असा ठराव झाला. तेव्हापासून मी तोंड उघडत नाही.

काकांनी प्रिंट घडी घालून माझ्या खिशात खोचली. "सात करा. आठ नको, तिसऱ्या ओळीत शुद्धलेखनाची चूक आहे." पोह्यांचे पैसेही त्यांनीच दिले, त्यामुळे भांडायची सोय राहिली नाही.

सात केले.

काल पुन्हा शनिवार. पंख्याखाली घाम गाळत मी इस्त्रीची पँट घालून वर्ग घेतला. रात्री त्याचं चिंतन आलं, सहाही रकाने भरून. पहिल्यात होतं: 'आज मांजर आली नाही. तरी सर तीनदा उठले.'