केळीच्या सालीचं पाणी आणि टोमॅटोचं काळं बूड

‘खत विसरा, औषध विसरा!’ अशी सुरुवात असलेला तो मेसेज तुमच्याकडेही येऊन गेला असेल. माझ्याकडे या हंगामात चारदा आला. त्यातला एकदा तर ज्याला मी स्वतः कंपोस्ट लावायला शिकवलं, त्याच्याकडून. मजकूर थोडक्यात असा: केळीच्या साली तीन दिवस पाण्यात भिजवा, त्या पाण्यातून झाडाला नत्र, स्फुरद, पालाश (म्हणजे नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम) सगळं मिळतं. अंड्याची टरफलं चुरडून मुळाशी घाला, टोमॅटोचं बूड काळं पडणार नाही. दर आठवड्याला चमचाभर एप्सम सॉल्ट द्या, झाडं फुलांनी लगडतील. वाफ्याच्या कडेला झेंडू लावा, कीड फिरकणार नाही. आणि दुपारी पाणी घालू नका, थेंबांची भिंगं होऊन पानं जळतात.

यातल्या जवळपास प्रत्येक गोष्टीला कुठेतरी खऱ्याचा आधार आहे, म्हणून तर हा मेसेज मरत नाही.

सालीच्या पाण्यापासून सुरू करू. सालीत पालाश असतो आणि तो पाण्यात उतरतोही, इथवर ठीक. पण ताज्या सालीत बहुतेक भाग पाणीच. एका सालीतला सगळा पालाश काढला तरी तो एक ग्रॅमसुद्धा भरत नाही, आणि टोमॅटोचं एक रोप हंगामभरात काही ग्रॅम उचलतं. नत्र आणि स्फुरद सालीत मुळातच कमी, शिवाय ते पेशींमध्ये बांधलेले असतात. साल कुजल्याशिवाय सुटत नाहीत, आणि तीन दिवस भिजणं म्हणजे कुजणं नव्हे. हाती येतं ते किंचित पालाश असलेलं आंबूस पाणी आणि बरणीभोवती चिलटं. झाडाला त्याने अपाय होत नाही, पण त्याच्या भरवशावर शेणखत बंद केलंत तर महिन्याभरात पानं फिकी पडून सांगतील.

आता टरफलं. इथे मला जरा थांबायचंय, कारण काळ्या बुडाने मीही पूर्वी पहिला तोडा गमावलाय. फळ लिंबाएवढं झालेलं, वरून हिरवंगार, आणि हातात घेऊन उलटं केलं की खाली पाणचट डाग. चार दिवसांत तो चामड्यासारखा होतो, काळा पडतो, आत खोलगट बसतो. हा रोग नाही, बुरशी तिथे नंतर येते. फळाच्या त्या टोकाला कॅल्शियम पुरेसं पोचलेलं नसतं. इथवर मेसेज बरोबर आहे. त्यापुढची उडी चुकते: फळात कॅल्शियम कमी म्हणजे मातीत कमी.

कॅल्शियम झाडात पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढतं, आणि पाणी जास्त ओढतात ती पानं, कारण बाष्प त्यांच्यातून उडतं. फळाची साल गुळगुळीत, तिच्यातून फारसं काही उडत नाही, म्हणून फळाच्या वाट्याला थोडंच येतं. त्यातही बूड सगळ्यात लांब. एकदा पानात जाऊन बसलेलं कॅल्शियम परत निघून फळाकडे वळत नाही. अशात तुम्ही तीन दिवस पाणी विसरलात आणि चौथ्या दिवशी वाफा तुडुंब भरलात, की त्या कोरड्या दिवसांत वाढणाऱ्या फळाचा पुरवठा तुटलेला असतो. माती चुन्याने भरलेली असली तरी डाग पडतो. युरिया सढळ हाताने टाकला असेल तर पाला माजतो, तोच पाणी ओढतो, आणि फळं आणखी मागे राहतात.

टरफल म्हणजे जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट, थोडक्यात खडू. आम्लधर्मी मातीत तो हळूहळू विरघळतो, उदासीन किंवा चुनखडीच्या मातीत जवळजवळ नाहीच. मागच्या हंगामात मी एका वाफ्यात दोन महिने टरफलं चुरडून घातली होती. यंदा रोपं लावण्याआधी माती उकरली तर खुरप्याच्या टोकाशी ती जशीच्या तशी. आतला पातळ पापुद्रा तेवढा गेलेला, बाकी कडा बोटाला टोचतील इतक्या शाबूत. त्याच रांगेत यंदा फक्त दोन गोष्टी बदलल्या: बुंध्याभोवती चार बोटं वाळल्या पाल्याचं आच्छादन, आणि बोट खुपसून वाफसा (माती ओलसर, पण चिखल नाही) बघून पाणी. काळी फळं निघाली ती पहिल्या घोसातली दोन. पहिला घोस तसाही नखरेल असतो.

एप्सम सॉल्टचा प्रकार मात्र निरुपद्रवी नाही. ते मॅग्नेशियम सल्फेट, त्यात नत्र नाही, स्फुरद नाही, पालाश नाही. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसत असेल, तर मॅग्नेशियमची कमतरता असू शकते आणि तेव्हा ते उपयोगी पडतं. ज्या मातीत मॅग्नेशियम पुरेसं आहे, तिथे दर आठवड्याला चमचा ओतलात तर ते मुळांपाशी कॅल्शियम आणि पालाशशी चढाओढ करतं. म्हणजे टोमॅटोचं बूड वाचवायला टरफलं घालायची आणि त्याच मेसेजवर विसंबून कॅल्शियमची वाटही अडवायची! लिहिणाऱ्याने स्वतःची दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचली नसावीत. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगने १८४० च्या सुमारास लोकांपर्यंत नेलेला नियम इथे साधा आहे: जे सगळ्यात कमी पडतंय त्यावर वाढ अडते, बाकीचं कितीही ओता.

झेंडूची बाजू मी जरा घेईन. त्याच्या मुळांतलं अल्फा-टर्थिएनिल हे द्रव्य मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना (मातीतल्या सूक्ष्म जंतांना) खरंच मारक आहे. पण तो परिणाम दिसतो जेव्हा अख्खा वाफा दोनेक महिने दाट झेंडूखाली ठेवून मग तिथे भाजी लावली जाते. कडेच्या सहा रोपांनी मधल्या वांग्याची मुळं वाचत नाहीत. २०१९ साली न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी काचगृहात दाखवलं, की टोमॅटोशेजारच्या झेंडूमुळे पांढऱ्या माशीची वाढ मंदावते. मंदावते, थांबत नाही. आणि लाल कोळी या रस शोषणाऱ्या बारीक किडीला तर झेंडू स्वतःच आवडतो. उन्हाच्या दिवसांत माझ्याकडे पहिली जाळी त्याच्याच पानांखाली दिसते. मी झेंडू लावतो तो फुलांसाठी आणि मधमाश्यांसाठी.

भिंगांची गोष्ट लवकर संपते. २०१० साली हंगेरीतल्या संशोधकांनी ती तपासली. गुळगुळीत पानावर थेंब चपटा बसतो, सूर्य वर असताना त्यातून जाणारे किरण पानाच्या बरेच खाली एकवटतात, आणि पान जळत नाही. अपवाद लव असलेल्या पानांचा: लव थेंबाला पानापासून उचलून धरते, तिथे चटका बसू शकतो. सकाळी पाणी घालावं ते वेगळ्या कारणांसाठी: तेव्हा बाष्प कमी उडतं आणि पानं रात्रभर ओली राहत नाहीत. भोपळ्याची पानं भर दुपारी मान टाकतात आणि संध्याकाळी उभी राहतात, तिकडे लक्ष देऊ नका. पण नुकतं लावलेलं रोप दोन वाजता कोरड्या मातीत माना टाकून पडलं असेल, तर ‘पानं जळतील’ म्हणून सहा वाजेपर्यंत थांबणं म्हणजे रोप गमावणं.

मेसेज पाठवणाऱ्याला मी यातलं अर्धं लिहून कळवलं. त्याने एकच विचारलं: मग टरफलं आणि साली फेकून देऊ का? नको. साली बारीक चिरून कंपोस्टच्या ढिगात, वर मूठभर वाळका पाला. टरफलं वाळवून, वाटून, चाळणीतून पडेल इतकी पूड करून तीही तिथेच. दोन-तीन महिन्यांनी ढीग कालवशील तेव्हा सालीचा मागमूसही नसेल. टरफलाचा एखादा मोठा तुकडा मात्र नक्की सापडेल.