‘कोरड्यास’ म्हणजे कोरडे नव्हे

चौथीत असताना निबंधाच्या वहीत मी ‘आज आईने वांग्याचे कोरड्यास केले होते’ असे लिहिले आणि बाईंनी ‘कोरड्यास’वर लाल रेघ ओढून वर ‘भाजी’ असे लिहून दिले. आमचे गाव सातारा जिल्ह्यातले. त्या रेघेनंतर मी घरात एक आणि वहीत दुसरा असे दोन शब्द वापरायला शिकले आणि पुढे पुण्यात संसार थाटल्यावर घरातला शब्दही कधी सुटला ते कळले नाही. बाईंची ती दुरुस्ती आज मला साफ चुकीची वाटते, आणि हा केवळ गावाच्या अभिमानाचा प्रश्न नाही.

भाजी शेतात असते, मंडईत असते आणि पातेल्यातही असते. कोरड्यास मात्र भाकरीवाचून असूच शकत नाही. शब्दाच्या शेवटचा ‘स’ मला ‘घरास’, ‘गावास’ यांतल्या प्रत्ययासारखाच ऐकू येतो : कोरड्या भाकरीस लावून खायचे ते कोरड्यास. म्हणून त्यात रस असला तरी बिघडत नाही, उलट असावाच लागतो. मालवणी माणूस ‘निस्त्याक काय केलंस?’, म्हणजे तोंडी लावायला काय केलंस, असे विचारतो तेव्हा त्यातल्या ‘क’मध्येही मला ‘माका’, ‘तुका’तला ‘क’ जाणवतो. कालवणाचे तर उघडच आहे. ज्यात भाकरी कुस्करून कालवायची ते कालवण. पदार्थ कशाचा आहे यापेक्षा तो ताटात कशासाठी आहे, हे सांगणारे हे शब्द आहेत आणि ‘भाजी’ या एका शब्दात ते काम होत नाही.

लग्नानंतर अमरावतीच्या सासूबाईंनी ‘भाजीवर थोडा सांबार टाकजो’ असे सांगितले, तेव्हा मी फ्रीज उघडून इडलीसोबतचे उरलेले सांबार शोधत बसले होते. वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि कोकणात काळ्या वाटाण्याचे सांबारे म्हणजे आणखी तिसरेच काही. आमचे पिठले त्यांच्याकडे चून होते. ही गंमत सगळेच सांगतात आणि ती सांगायलाही सोपी असते, कारण एका नावाच्या जागी दुसरे नाव ठेवले की काम भागते.

खरी हानी मला दिसते ती पदार्थाची अवस्था सांगणाऱ्या शब्दांची. लेक बेंगळुरूला नोकरीला आहे. तापातून उठल्यावर तिने फोनवर खिचडीची कृती विचारली आणि मी सवयीने ‘आसट कर’ असे म्हटले. ‘आसट म्हणजे किती कप पाणी?’ हा तिचा प्रश्न रास्त होता, पण मला उत्तर देता येईना. शेवटी मी तिला सांगितले की पळीतून ताटात सोडल्यावर खिचडीचा ढीग राहू नये, तिने सावकाश पसरावे, पण पाणी वेगळे सुटून कडेला पळू नये. आणि गरम असताना जराशी पातळ वाटली तरी घाबरू नये, कारण पाच मिनिटांत ती आळते. एवढे सगळे त्या तीन अक्षरांत होते. पिठले सरसरीत हवे, भरल्या वांग्यांचा रस अंगाबरोबर हवा, उसळ लपथपीत हवी, आजाऱ्याचा भात गुरगुट्या हवा आणि फोडणीचा फडफडीत हवा : यांतला प्रत्येक शब्द स्वयंपाकघरातले मापच आहे, आणि तांदूळ नवा असो की जुना, हे माप चुकत नाही. कपाचे चुकते.

बोलीतले शब्द हल्ली हॉटेलांच्या पाट्यांवर भरपूर दिसतात, हे मला मान्य आहे. ‘गावरान’, ‘झणझणीत’, ‘चुलीवरचे’ यांना तोटा नाही. मात्र आत जाऊन बसल्यावर वाढपी विचारतो ते ‘ग्रेव्ही की ड्राय?’ एवढेच, आणि पातळ ते घट्ट यांच्यामधल्या सगळ्या पायऱ्या त्या दोन शब्दांत गडप होतात. पाककृतींच्या चित्रफितींत तर प्रत्येक पदार्थ ‘टेस्टी’ असतो, मग तो खमंग असो, खरपूस असो की नुसताच तिखटजाळ. (लपथपीत उसळीला ‘थिक कन्सिस्टन्सी’ म्हणणाऱ्या बाई माझ्याच पिढीच्या आहेत, तेव्हा तरुणांना नावे ठेवण्यात अर्थ नाही.)

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा मीही आनंदाने पेढे वाटले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण केले आहे, त्याचे मोल मी जाणते. पण ‘आळणे’ म्हणजे नेमके काय, हे कळायला कुणीतरी पातेल्यापाशी उभे राहून ‘बघ, आता आळायला लागलं’ असे म्हणावे लागते, आणि ते म्हणणारे आपणच ‘थिक’ म्हणू लागलो आहोत.

लेकीने त्या रात्री ताटलीचा फोटो पाठवला. खिचडी जरा जास्तच घट्ट दिसत होती. खाली तिने लिहिले होते, ‘फोन ठेवेपर्यंत आळली.’